सूपभर कोंडा

माझं बारसं व्हायच्या आधीच मला विकण्यात आलं. किंमत, सूपभर कोंडा.

तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती आमच्या मावळात असंच करते. माझ्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून माझ्या वेळी आईनं मला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं. डोंगरातल्या वाडीवरून मोळी विकायला येणाऱ्या एका बाईनं मला तिथून उचललं आणि त्याच सुपात भाताचा कोंडा ओतून सूप आईच्या हातात दिलं. झाला व्यवहार. आता मी त्या बाईची, आणि आईनं मला नुसतं दूध पाजायला उसनी आणलेली. मरण दाराशी येऊन विचारू लागलं तर सांगायची सोय, की पोर आमचं नव्हे, आणि असून असून त्याची किंमत ती काय!

हा व्यवहार उलटवायचीही रीत आहे. पोर जरा मोठं झालं, धोका टळला, की तो कोंडा त्या बाईला परत द्यायचा आणि पोर आपलं म्हणायचं. मात्र कोंडा तोच लागतो, बदललेला चालत नाही. आईनं तो मडक्यात भरून शिंक्यावर टांगला होता. मी नुकती चालायला लागले होते तेव्हा आमच्या म्हशीनं दावं तोडलं, मान वर करून शिंकं ओढलं, मडकं फोडलं आणि कोंडा चाटूनपुसून खाल्ला. आई कपाळाला हात लावून बसली. मोळीवाली बाई मात्र हसून हसून खाली बसली म्हणे. "ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली, "पोर माजीच ऱ्हाऊ दे. तू संबाळ." गावानं त्यावर कितीतरी वर्षं करमणूक करून घेतली. मी कुणाच्या ओट्यावरून गेले की कुणीतरी म्हणायचंच, "ती बग, म्हशीनं खाल्लेली पोर."

आमचं गाव वलवण. धरण झालं तेव्हा आमची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. वडील मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले. आईजवळ उरल्या दोन म्हशी आणि मी. ती खंडाळ्याच्या बंगल्यांना दूध घालायची. पहाटे धारा काढून डोक्यावर घागर घेऊन ती निघायची आणि मी तिचा पदर धरून मागे. आई बोलायला तुटक होती. लाड हा शब्द तिला ठाऊक नसावा. पण रस्त्यानं मोटार आली की आधी मला गटाराच्या पलीकडे ढकलायची आणि मग स्वतः बाजूला व्हायची.

आता माझ्या जिभेचं सांगते. माझ्या जिभेला वीज लागते. तारेतून ती वाहत असली की जिभेच्या कडेला कच्ची चिंच ठेवल्यासारखं होतं आणि मागच्या दाढा शिवशिवतात. तार मेलेली असली की तोंड अळणी. हात लावावा लागत नाही, जवळून गेलं तरी पुरतं. खंडाळ्याच्या बंगल्यांना तेव्हा बिजली नुकतीच आली होती. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होत असेल. ऊन लागलं तर कुणी सांगत बसतं का?

एका बंगल्याबाहेर एक तारवाला खांबाला शिडी लावून चढत होता. आई आत माप घालत होती. मी त्याला म्हटलं, "काका, चढू नगा. तार आंबट हाय." तो हसला. मुख्य खटका त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला होता. पण मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, शेवटी रडायला लागले, तेव्हा माझी समजूत घालायला म्हणून त्यानं शिडीवरूनच दिव्याचा गोळा लावून पाहिला. गोळा लख्ख पेटला. दुसऱ्या बाजूच्या बंगल्यातून तारेत वीज येत होती. तो खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसला. घामानं सदरा भिजलेला. जरा वेळानं उठून त्यानं मला कागदात बांधलेली गुडदाणी दिली, आणि मग भला माणूस असल्यामुळे ही गोष्ट त्यानं भेटेल त्याला सांगितली.

ती गोष्ट कड्याच्या अंगाच्या एका बंगल्यातल्या साहेबांच्या कानावर गेली. साहेब मुंबईचे, विजेचं शास्त्र विलायतेत शिकून आलेले. त्यांच्याकडे आमचा रतीब होताच. त्यांनी मला कधी चापट मारली नाही की आवाज चढवला नाही, हेही लिहून ठेवते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, कुणी राक्षस होता.

आई मागच्या दारी दूध मापेपर्यंत ते मला आत बोलवायचे. मोठी थंडगार खोली, टेबलावर काचेच्या बरण्या, पितळी गोळे, फिरवायचं एक चाक. मधे पडदा. पडद्यापलीकडे ते काहीतरी दाबायचे आणि विचारायचे, "आता?" मी म्हणायची, आंबट. "आता?" अळणी. प्रत्येक उत्तरानंतर बिस्कीट. मला तो खेळ फार आवडायचा. गावात कुणी मला कशासाठी शाबासकी दिली नव्हती. ते मात्र प्रत्येक उत्तराला "वा!" म्हणायचे, आणि खरंच खूश व्हायचे.

मग खेळ वाढला. पडदा गेला आणि तार हातात आली. आधी मुंग्या यायच्या, पुढे पुढे कोपरापर्यंत हात बधिर व्हायचा. घरी आले की भाकरीची चव लागायची नाही. एकदा वाटेत नाकातून रक्त आलं. आई माझ्या डोक्याला तेल लावत होती तेव्हा तिला कानशिलावरची एक बट पांढरी झालेली दिसली. तिनं तेल लावून वेणी घातली आणि ती बट आत दडपली.

बंगल्याच्या मागच्या पडवीत पिंजऱ्यांत घाटातली माकडं होती. एकाच्या डोक्यावरचे केस भादरलेले आणि कातड्याला टाके घातलेले. मी गजातून बोट घालून त्याचा हात धरला. घरी जाताना आईला म्हटलं, "ते माकड अळणी व्हाया लागलंय."

"म्हंजी?"

"त्यात बी असतं की आंबट. लय बारीक. समद्यांत असतं. तुज्यात बी हाय."

दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा होता. आई त्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत उभी राहिली. परतताना तिनं रस्त्याच्या कडेला घागर उतरवली, जे ती कधी करत नसे, आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"हे सायबाला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांगू नगंस. कुनालाच नगंस. मी मेले तरी नगंस."

त्यानंतर तिनं साहेबांनाच विचारलं, माकडाला काय झालं. त्यांनी काही लपवलं नाही. प्राण्याच्या मेंदूत विजेची जाणीव नेमकी कुठे असते ते पाहत होतो, म्हणाले. आणि मुलीची काळजी करू नका, तिला कोण कशाला कापतंय! मुंबईला मोठी यंत्रं आहेत, तिथे काही दिवस, मग बोटीनं परदेशी. तिथले विद्वान तिला बघायला टपून बसलेत. मुलीचं कल्याण होईल. आईलाही जन्मभर घागर उचलावी लागणार नाही.

आईनं मान डोलावली. घरी येऊन मला पुढ्यात घेतलं. "उद्यापास्नं आंबट लागलं की अळणी म्हन, आन् अळणी लागलं की आंबट म्हन. त्याला वाटू दे, पोरीचा गुन गेला."

मी तसंच केलं. किती दिवस केलं आठवत नाही, पण मन लावून केलं. एकदासुद्धा घसरले नाही. मला वाटत होतं, आई किती खूश होईल. साहेब आपले "आता?" विचारत, कागदावर खूण करत, आणि बिस्किटं द्यायचे थांबले नव्हते, याचंच मला नवल वाटत होतं. मग एक दिवस त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि मोठ्यानं हसले. आईला आत बोलावलं.

"बाई," ते म्हणाले, "डोळे बांधून दगड मारले तरी निम्मे लागतात. तुमच्या मुलीचा एकही लागलेला नाही. सगळंच चुकवायचं तर सगळंच कळावं लागतं. हे तुम्ही शिकवलंत ना?"

आई खाली फरशीकडे बघत राहिली. साहेब रागावले नाहीत. उलट माझ्याकडे बघून त्यांचे डोळे असे चमकत होते, की मी पहिल्यांदाच त्यांना घाबरले. वाटेत आई एवढंच म्हणाली, "माजंच चुकलं. निम्मं बरूबर म्हनाया पायजे हुतं."

तिनं त्या बंगल्याचा रतीब सोडला. मग साहेब गावात आले.

भैरोबाच्या देवळात सगळे जमले. साहेब, कागद घेऊन त्यांचा एक कारकून, गावचे पाटील, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि बाकी गाव कामधंदा सोडून. साहेब नीट बोलले. ते म्हणाले, मुलीचं शिक्षण, कपडालत्ता, जेवणखाण माझ्याकडे. जबरदस्ती नाही. कायद्यानं आईची संमती लागते, ती घेतल्याशिवाय मी मुलीला हात लावणार नाही. हा आईचा अंगठा करायचा कागद. पाटलांनी आईकडे पाहिलं. नाही म्हणायची तिची ऐपत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. साहेबांची वरपर्यंत ऊठबस होती. त्यांनी मनात आणलं असतं तर खंडाळ्यात आईचं दूध कुणी घेतलं नसतं.

आई पदर सावरून पुढे आली. "आबा, पोर माजी न्हाई. दुसऱ्याच्या पोरीवर मी अंगटा कसा उटवू?"

"काय बोलतीयास तू?" पाटील म्हणाले.

"बेलभंडारा आना."

पुजाऱ्यानं शपथेसाठी बेलाचं पान आणि भंडारा तिच्या हातावर ठेवला. आईनं हात देवाकडे केला आणि म्हणाली, "ही पोर मी कोंड्याला इकली. कोंडा परत दिला न्हाई. पोर वाडीवरच्या मोळीवालीची हाय, माजी न्हाई."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "व्हय की! म्हशीनं कोंडा खाल्ला न्हाई का!" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. व्हय, आमच्या देखत इकली. व्हय, मडकं म्हशीनं फोडलं. इतकी वर्षं ज्यांनी मला चिडवलं होतं तेच एकेक जण पुढे येऊन देवाला हात करून सांगत होते. कुणीच खोटं बोलत नव्हतं. साहेब कारकुनाला विचारत होते, यात म्हशीचा काय संबंध.

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील साहेबांना दुखवायला तयार नव्हते, हे दिसतच होतं. पण त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा असाच कोंड्याला विकून जगला होता. देवासमोर ती रीत खोटी म्हणायची म्हणजे आपल्याच पोराच्या जिवाशी खेळ. त्यांनी बराच वेळ मिशी चाचपली. "साहेब," ते म्हणाले, "रीतीनं पोर वाडीवरच्या बाईची. तिला विचारा."

साहेबांनी कागदाची घडी केली. कायद्याचं नाव त्यांनीच आधी घेतलं होतं, आणि ते आपल्या शब्दाचे माणूस होते. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो तो एवढ्याचसाठी.

त्याच दिवशी मोळीवाली मला न्यायला आली. तिला मी पुढे बय म्हणू लागले. आईनं माझा एक परकर आणि चोळी फडक्यात बांधून दिली. मी रडत होते. ती रडली नाही.

"आता मला आई म्हनायचं न्हाई," ती म्हणाली. "कुनी नसलं तरी न्हाई. मी देवाला सांगितलंय आन् देव ऐकत असतो. तीन पोरं नेली त्यानं. मी बोललेलं मागं घेतलं तर त्यो तुला बी नेईल."

"मग काय म्हनू?"

"मावशी म्हन."

बयची वाडी राजमाचीच्या वाटेवर, रानात होती. पाचसहा झोपड्या. तिथे तार नव्हती, दिवा नव्हता, आणि माझं तोंड सतत अळणी असायचं. सुरुवातीला मला ते आजारपण वाटलं. हळूहळू नाकातलं रक्त थांबलं आणि भाकरीला चव आली. बय काळी, उंच, तोंडाळ. तिनं मला पाहुणीसारखं वागवलं नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर लहानशी मोळी दिली आणि म्हणाली, "कोंडा मोजलाय तुज्यापायी, वसूल नगं करायला?" रात्री मात्र मला कुशीत घेतल्याशिवाय ती झोपायची नाही. तिच्या पोटी मूल नव्हतं. मी आईसाठी झुरत असताना बय मनातून सुखात होती, हे मला फार उशिरा कळलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मी पाणी भरत होते आणि जिभेला आंबट लागलं. रानात! मी बयला सांगितलं. तिनं विचारलं, "कुटनं?" मी खालच्या वाटेकडे बोट केलं. तिला ना काही दिसलं ना ऐकू आलं, पण तिनं आणखी एक शब्द न विचारता मला कारवीच्या जाळीत नेऊन बसवलं आणि स्वतः दारात येऊन नाचणी पाखडत बसली. आंबट वाढत वाढत वर आलं. खूप वेळानं साहेब दिसले. मागे एक माणूस, त्याच्या डोक्यावर लाकडी पेटी. वीज त्या पेटीत होती.

"मुलगी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"माजी पोर हाय. रानात गेली आसंल."

"तिचं कल्याण होईल, बाई. तुझंही होईल. काय हवं ते माग."

"सायेब, मी ती इकत घेतलीया," बय पाखडता पाखडता म्हणाली. "इकायची न्हाई."

साहेबांनी पेटी उतरवून घेतली, उघडली, आत काहीतरी फिरवलं. माझ्या दाढा कळवळल्या. मग ते रानाकडे तोंड करून, अगदी पूर्वीसारख्या गोड आवाजात म्हणाले, "मुली, ऐकतेस ना? सांग बरं, आता?"

थोडं थांबून पुन्हा काही फिरवलं. "आणि आता?"

मला उत्तर येत होतं. आंबट, मग अळणी, मग पुन्हा आंबट, आधीपेक्षा जास्त. ते विचारत होते आणि माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एवढ्या दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. "वा!" म्हणणारा तो आवाज माझ्यापासून दोन खाचरांवर होता. भीतीनं मी गप्प बसले असं मी मुलीला सांगते, पण ते खरं नाही. मला धावत जाऊन सांगायचं होतं. मी कारवीची पानं तोंडात कोंबली आणि दातांनी घट्ट धरून ठेवली. त्या कडू पानांपलीकडे तरीही मला सगळं कळत होतं.

साहेब बराच वेळ विचारत राहिले. शेवटी पेटी बंद झाली आणि आंबट उतरत उतरत घाटाकडे गेलं. त्यानंतरही ते येऊन गेले. दर वेळी मला आधी कळायचं आणि दर वेळी बय नाचणी पाखडत बसायची. पुढे कधीतरी बंगल्याला कुलूप लागलं. साहेब परदेशी गेले म्हणून बातमी आली, आणि ते परत आले नाहीत.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. बयबरोबर मी मोळी घेऊन लोणावळ्याच्या बाजारात जायला लागले होते. एकदा गर्दीत पुढे आई दिसली. तीच चाल, तीच घागर. मी सगळं विसरून ओरडले, "आई!"

ती थांबली नाही. वळली नाही. मी पुन्हा ओरडले, आजूबाजूच्या चार बायका वळल्या, ती वळली नाही. मी मोळी टाकून तिथेच भोकाड पसरलं. जरा वेळानं ती दुसऱ्या बाजूनं फिरून आली, बयशी चार शब्द बोलली आणि माझ्यापुढे गुडदाणी धरली. "काय गं पोरी," आजूबाजूला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशीला वळखलं न्हाईस?" मी गुडदाणी फेकून दिली. तिनं ती मातीतून उचलली, पदराला पुसली आणि कनवटीला लावून निघून गेली. मला तिचा इतका राग आला होता, की पुढच्या बाजाराला मी बयबरोबर गेलेच नाही.

साहेब गेल्यावर मला वाटलं, आता घरी जायचं. बयनंच मला वलवणला नेलं. आईनं आम्हा दोघींना ताक दिलं, माझ्या केसांवरून हात फिरवला, पांढरी बट पाहिली आणि म्हणाली, "सायब गेला. देव हितंच हाय." संध्याकाळी मी बयबरोबर डोंगर चढले.

लग्नातही बयच आई म्हणून बसली. परजातीच्या वाडीवरचं खाल्लेली म्हणून भावकीनं नाक मुरडलं होतं, पण लोणावळा स्टेशनात सांधेवाल्याचं काम करणाऱ्या एका तरुणाला त्याची पर्वा नव्हती. अक्षता टाकायला आई दूधवाल्या बायकांत उभी होती. तिनं टाकलेल्या अक्षता माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत, ती इतकी मागे होती.

घाटातून विजेच्या गाड्या धावू लागल्या होत्या आणि आमची खोली रुळांना लागून. मी लोणच्याच्या बरणीत संसार केला असं म्हटलं तरी चालेल. तोंडाला हळूहळू सवय झाली. मला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि तिच्या पाटीवर मीही अक्षरं गिरवली. म्हणून हे लिहू शकते. वाडीवर बय गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. नाचणीच्या सुपाशी बसल्याबसल्याच गेली.

मुलगी एक दिवस रुळांकडे बघत मला म्हणाली, "आई, गाडी यायच्या आधी तोंड आंबट का होतं?" मी तिला उचललं आणि तडक वलवणला नेलं. आई आता थकली होती, म्हशी विकून टाकल्या होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नातीला मांडीवर ओढलं.

"हिला नुसतं चूक सांगाया शिकवू नगंस," ती मला म्हणाली. "थोडं बरूबर, थोडं चूक. मनाला येईल तसं. काय?" एवढी वर्षं ती ते विसरली नव्हती.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत आईनं अंथरूण धरलं. मी मुलीला घेऊन तिच्याकडे राहायला गेले. मुलगी तिला मावशीआजी म्हणायची. दुपारची वेळ होती, दारातून ऊन आत आलेलं. मी आईचा हात हातात घेतला. तिचं ते बारीकसं आंबट, जे मला जन्मापासून ठाऊक होतं, उतरायला लागलं होतं. मी त्या माकडाचा हातही असाच धरला होता. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"आता तरी मला आई म्हनू दे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "कोंडा परत दिल्याबिगर न्हाई. आन् घेनारी तर गेली."

"तिची पोर मीच ना? तूच देवाला सांगितलंस. मग तिचं जे काय यायचं, ते माज्याकडं आलं. मला दे."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला पटलं होतं, हे मला दिसलं. पण ती सहजासहजी हार मानणारी नव्हती. "त्योच कोंडा लागतो. त्यो म्हशीनं खाल्ला."

"त्या म्हशीचं दूध कुनी पेलं?"

आईनं माझ्याकडे मान वळवली.

"मीच पेले की, आई. तवाच पेले. कोंडा माज्याकडं कवाच पोचलाय."

ती हसायला लागली. आवाज नव्हता, नुसतं पोट हलत होतं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही. म्हणजे त्या देवळात ती उभी होती तेव्हाच मी तिची होते. बाजारात मी ओरडले तेव्हाही होते. आम्हा दोघींना हे आधी सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि जितकं वाटायला हवं त्याहून जास्तच वाटतं.

"हाक मार," ती म्हणाली.

"आई."

"ओ."

मी पुन्हा हाक मारली. तिनं पुन्हा ओ दिली. ऊन दारातून भिंतीवर चढेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. माझ्या मुलीला वाटलं, आम्ही खेळतोय. तीही येऊन बसली आणि आजीचा दुसरा हात धरून हसत राहिली. आईची ओ बारीक होत गेली, पण येत होती.

मग माझी जीभ अळणी झाली. मी मुलीकडे पाहिलं. तिचं हसू थांबलं होतं आणि ती माझ्याकडेच बघत होती. आम्हा दोघींशिवाय कुणाला अजून कळलं नव्हतं. मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, आणि कुणाला कळायच्या आत आणखी एकदा हाक मारून घेतली.